पत्थरची आढी

२७ नोव्हेंबर, दुपार

आणि सुधीरला फळातलं काय कळतं, हे मी आज परत विचारतो. उन्हाळ्यात बैंगनपल्ली आंब्याच्या वेळी हेच झालं, दिवाळीला सीताफळाच्या वेळी हेच. मी काही म्हणालो की हा मोबाईलमधून डोकं वर काढणार आणि म्हणणार, नक्को भाई, तुझंच नुकसान होतंय. जन्म हैदराबादचा, घर नल्लकुंट्याला, मराठी आईशी बोलण्यापुरती. मराठी पाटी वाचायला दिली तर जोडाक्षराला अडकून बसतो. अफझलगंजच्या गाळ्यात बसून ग्रुपवर रेट टाकणं म्हणजे फळ कळणं नव्हे. मी सातवी नापास आहे, पण आंब्याच्या आढीत वाढलोय. देगलूरकडं कुणालाही विचारा.

ही डायरी गाळ्याच्या मालकांनी दिली, एकनाथरावांनी. मी आणि सुधीर दोघंही त्यांच्याकडंच कामाला. मागच्या वर्षीची आहे, वार चुकीचे छापलेत. मी वार पाळत नाही, तारखा पाळतो.

ठराव केले. रोज लिहायचं. गुटखा उद्यापासून बंद. सुधीरशी वाद नाही.

२८ नोव्हेंबर, सकाळ ९

सीझनचा शेवटचा हिमाचल ट्रक आला. ड्रायव्हर नेगी, स्वतःची बाग असलेला माणूस. मालकांच्या मालामागे पन्नास पेट्या वेगळ्याच निघाल्या. मालकांनी एक फळ कापून तोंडात घातलं आणि डोळे मिटून घेतले. म्हणाले, नेगीजी, हे सफरचंद आहे की नदीतला गोटा?

फळ बारकं. एका बाजूनं चेपलेलं. हिरव्यावर तपकिरी छटा, देठाजवळ साल गोणपाटासारखी खरखरीत. नेगी बिलकूल चिडला नाही. म्हणाला, पणजोबानं लावलेली झाडं आहेत, अख्ख्या खोऱ्यात आता आमच्याकडंच उरलीत. बाकी सगळ्यांनी तोडून लाल जाती लावल्या. घरात याला पत्थर म्हणतात.

मी चहा पाजून सगळं काढून घेतलं. पत्थर सगळ्यात शेवटी तोडतात, बर्फ पडायला लागल्यावर. वाऱ्यानं गळत नाही. झाड तीन महिने बर्फात उभं राहतं, फांदी मोडत नाही, कीड लागत नाही, औषध मारायला लागत नाही. तोडलं तेव्हा दात आंबतात. पण पेंढ्यात घालून अंधारात ठेवलं की हळूहळू पिवळं होतं, साल हाताला तुपकट लागायला लागते, आणि होळीच्या आत असं गोड होतं की लाल सफरचंद त्याच्यापुढं पाणी. कापून ठेवलं तरी काळं पडत नाही. पणजोबा कोल्ड स्टोरेज नसताना घराखालच्या तळघरात ठेवायचे. तिथं रात्री लोट्यातलं पाणी गोठतं म्हणे. असेल. त्यांच्याकडचं त्यांच्याकडं.

मला मुद्दा कळला. पेंढा आणि अंधार. म्हणजे आढी.

ही गोष्ट मालकांना कळली नाही, सुधीरला कळली नाही, हिमाचलवाल्यालासुद्धा शब्द माहीत नाही. अख्ख्या हैदराबादेत एकट्या मला कळली.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळ

कॅलेंडर बघितलं. अंगावर काटा आला. १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र. आणि तीन-चार दिवसांनी रमजान लागतोय. दोन्हीकडचे उपास एका आठवड्यात! तेव्हा फळाला हात लावू देत नाहीत एवढा रेट असतो. आणि तेव्हाच पत्थर गोड होणार. हा योग सहसा येत नाही.

गुटखा आज एकच.

२९ नोव्हेंबर, सकाळ

घेतल्या. पन्नास पेट्या, दहा दहा किलोच्या. नेगीला परत न्यायच्या नव्हत्या, सहाशेचाळीसला एक दिली.

पैशाचं इथं एकदाच लिहितो, परत लिहायचं नाही. त्रिवेणीचे बत्तीस हजार माझ्या खात्यात होते. धाकटी बहीण, नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्ष सुट्टीत ब्लाउज शिवून तिनं साठवले. घरी ठेवले तर वडील, नाना, कुणाच्या तरी लग्नात देऊन टाकतात, म्हणून दिवाळीत माझ्याकडं दिले. म्हणाली, दादा, हात लावू नको, नुसतं ठेव. २० फेब्रुवारीच्या आत फी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत.

आता मी हात कुठं लावतोय? ठेवलेतच की. बँकेत साडेतीन टक्क्यानं ठेवायचे ते आढीत ठेवले.

मालकांनी विचारलं, योगेश, घ्यायचं तर घे, पण पैसा तुझाच आहे ना? मी म्हणालो, घरचाच, म्हणजे माझाच. त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, एक पेटी माझ्या कोल्डरूममध्ये राहू दे. नेगी खरं बोलतो का, बघू. विकली तर पैसे तुझे.

मालकांचाही डोळा आहे यावर. समजलं मला.

३० नोव्हेंबर, दुपार ३

मलकपेठची माझी खोली वरची, गच्चीवरची, पत्र्याची. दहा बाय दहा. यालाच नशीब म्हणतात, खालची असती तर ओल आली असती.

भाताचा पेंढा टेम्पोभर आणला. एक थर पेंढा, एक थर पत्थर, परत पेंढा. कमरेपर्यंत आली आढी. वरून पोती, त्यावर घोंगडी. खिडकीला पुठ्ठा, दाराच्या फटीत गोणपाट. झोपायची सोय बाहेर पत्र्याच्या पडवीत. रिकामे खोके भंगारवाल्याला दिले, त्यातून गुटख्याचे पैसे निघाले.

नानांचा नियम आहे, एकदा लावलेली आढी मध्ये उघडायची नाही. उघडली की ऊब मोडते, माल बसतो, पिकत नाही. आंब्याला आठ दिवस. पत्थरला बहात्तर धरले. १० फेब्रुवारीला उघडायची, त्याआधी देवानं सांगितलं तरी नाही.

४ डिसेंबर

घरमालक बाळकृष्णमास्तर गच्चीवर आले. मास्तर शाळेतले नव्हेत, कोर्टात शिरस्तेदार होते, पण सगळी गल्ली मास्तर म्हणते. चार पिढ्या हैदराबादेत. बोलतात असं की निम्मं मराठी, निम्मं कोर्टाचं. म्हणाले, चिरंजीव, भाडं माणसाचं ठरलं होतं, मालाचं नाही. मी म्हणालो, फेब्रुवारीत तुम्हाला एक टोपलीभर देतो, अख्खं खानदान आठवण काढील. म्हणाले, खानदान आता मी आणि ही मांजर, आम्हा दोघांनाही सफरचंद चावत नाही.

मांजर दाराशी आली, वास घेतला आणि गेली.

१२ डिसेंबर, सकाळ ६

काय थंडी! पेपरात अकरा डिग्री. पडवीत झोपून नाक गळतंय. पण दाराला कान लावला तर आत एकदम शांत. फळ आनंदात आहे. घोंगडी अजून एक टाकली, त्याला थंडी लागायला नको.

त्रिवेणीचा फोन होता. म्हणाली, दादा, बँकेत ठेवलेस ना? मी म्हणालो, बँकेपेक्षा पक्क्या ठिकाणी. हसली. म्हणाली, म्हणजे कुठं? मी म्हणालो, तू अभ्यास कर.

२० डिसेंबर

नानांना फोनवर सांगितलं. म्हणजे पैशाचं नाही, आढीचं. मग म्हणाले, आंब्याला आपण उन्हाळा देतो, कारण ते उन्हाळ्याचं फळ. ह्याला काय लागतं, ते विचारलंस का? मला नीट ऐकू आलं नाही, रेंज नव्हती.

नाना थकलेत. नवीन फळाला नवीन डोकं लागतं.

१ जानेवारी

नवीन वर्ष. ठराव: गुटखा पूर्ण बंद, इंग्रजी रोज पाच शब्द, पत्थरचे पैसे आले की त्रिवेणीची फी आणि वर एक नवा स्मार्टफोन, मालकांशी भागीदारीचं बोलणं. एकनाथराव अँड योगेश. की योगेश अँड एकनाथराव? ते वयानं मोठे, त्यांचं आधी असू दे.

आजचे शब्द: हार्डी म्हणजे टणक. सुधीरनं सांगितला. नेटवर अशा जुन्या फळाला हार्डी लिहितात म्हणे. म्हणजे काहीही सहन करणारं. मी पहिल्या दिवशी नुसतं बघून ओळखलं होतं. बाकीचे चार उद्या.

९ जानेवारी

वास सुटला! दारातून येतो, हलका, गुळासारखा. ठरल्यापेक्षा महिनाभर आधी. आमची आढी पहिल्यापासून फास्ट. गच्चीवर नाक वर करून दहा मिनिटं उभा राहिलो.

सुधीरला सांगितलं तर तो म्हणाला, टाइमाच्या आधी वास येणं चांगलं असतं का भाई? मी म्हणालो, एम् कादु. मला तेलुगूत एवढंच येतं, पण ते सगळीकडं चालतं. काही होत नाही.

१६ जानेवारी

संक्रांतीचे पतंग झाले. काल गल्लीतला एक पतंग माझ्या पत्र्यावर पडला, काढायला चढलो. पत्रा एवढा तापलेला की पाय टेकेना. अनवाणी होतो म्हणून असेल.

एक बघितलं. पहिल्या महिन्यात उंदीर यायचे, रात्रभर खुडबुड. आता पंधरा दिवस एकही नाही. पत्थर त्यांच्या दाताला जमत नसणार. हार्डी.

२१ जानेवारी, दुपार

सुधीर आज मालकांचा निरोप घेऊन आला, गाळ्यातून मुद्दाम. कोल्डरूममध्ये संक्रांतीनंतर जागा झालीय, योगेशला म्हणावं माल आणून टाक, भाडं नको. मी म्हणालो, आढी मध्ये उघडत नाहीत. तो म्हणाला, भाई, एक डाव उघडून बघ तरी. मी म्हणालो, आमच्यात उघडत नाहीत. तो म्हणाला, तुमच्यात म्हणजे कुणाच्यात, तू एकटाच तर आहेस इथं.

मी दाराच्या फटीतलं गोणपाट घट्ट केलं. हा वाद नव्हता म्हणून ठराव मोडलेला नाही.

जाता जाता त्यानं दाराला हात लावला, आणि हात पँटला पुसला. दार ओलं होतं. दुपारी दव पडत नाही. पण वर पाण्याची टाकी आहे, कुठंतरी गळत असणार.

२४ जानेवारी

पेंढ्यात हात घालून बघणं म्हणजे उघडणं नव्हे. दार किलकिलं करून, न बघता, कोपरापर्यंत हात घातला. आत गरम. चांगलंच गरम, चूल विझल्यावर राख असते तसं. ऊब धरलीय, म्हणजे आढीत जीव आहे. नानांच्या आढीला कधी एवढी ऊब आली नव्हती.

हात दोनदा धुतला. वास जात नाही.

२८ जानेवारी

त्रिवेणीचा फोन. कॉलेजात नोटीस लागलीय. म्हणाली, दादा, बँकेच्या कागदाचा फोटो पाठव, मला बघायचाय. मी म्हणालो, पाठवतो. मग अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मी विचार केला, आता सांगावं. मग म्हटलं, तेरा दिवस तर राहिले. बत्तीस हजार मागतेय, साठ पाठवले तर तिला किती बरं वाटेल! चांगली बातमी अर्धी सांगण्यात मजा नाही.

३१ जानेवारी, सकाळ

मास्तर जिन्यातच भेटले. नाकाला उपरणं. म्हणाले, चिरंजीव, मी चाळीस वर्ष कोर्टात पंचनामे नकलून काढले. मला हा वास कागदावरून माहीत आहे. वर कोण आहे? मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, दारू गाळतोस का? मी म्हणालो, फळ पिकतंय मास्तर. ते म्हणाले, पिकण्याची मुदत संपली असं दिसतं, आता पुढचा दाखला सुरू आहे.

जुनी माणसं घाबरट असतात.

वास गुळाचा राहिला नाही, ते खरं. आता जरा चढलेला आहे. पण पिकलेल्या फणसालाही लोक नावं ठेवतात आणि मग गरे मागतात.

३ फेब्रुवारी

बारक्या काळ्या माश्या. दाराच्या फटीतून येतात, बाहेर येऊन हवेत तशाच थांबतात. गोणपाट नवीन कोंबलं. अगरबत्तीचा पुडा आणला.

दाराखालून एक तपकिरी रेघ आली आहे. बोटभर. चिकट. मुंग्या तिच्यापर्यंत येतात आणि वळून जातात. मुंग्या गोड सोडत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्याचा विचार नंतर करू.

गुटखा पाच.

६ फेब्रुवारी, सकाळ १०

त्रिवेणीनं फोन केला नाही. नेहमी शुक्रवारी करते. (डायरीत आज भलताच वार आहे, पण शुक्रवारच आहे, मी सुधीरला विचारलं.)

रेघ पडवीपर्यंत आली. रोज फडक्यानं पुसतो, सकाळी तिथंच. पत्र्यावर कावळे बसायला लागलेत. ओरडत नाहीत. नुसते बसतात.

आतून आवाज येतो, अधूनमधून, काहीतरी खाली बसल्यासारखा. फुस्स. आढी दबते, तो तसला आवाज.

चार दिवस. नियम म्हणजे नियम.

८ फेब्रुवारी

गाळ्यावर गिऱ्हाईक विचारून गेलं, शिवरात्रीला माल काय काय आहे? मी म्हणालो, स्पेशल आहे, दहा तारखेनंतर या. मालक गादीवरून ऐकत होते. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

सुधीर हल्ली मला नक्को म्हणत नाही. तेवढंच खटकतं.

१० फेब्रुवारी, सकाळ ७

उघडली.

१० फेब्रुवारी, दुपार

दार ढकललं तेव्हा आधी वाफ आली. मग माश्या, एकदम, पोतं झटकल्यासारख्या. घोंगडी उचलायला गेलो, ती खालून सुटेना. जोर लावला तर तिच्याबरोबर वरचा थर आला, एकच तुकडा, काळा.

मनगटापर्यंत हात गेला. फळ लागलं नाही. पेंढा आणि फळ वेगळं राहिलेलं नाही. सगळ्यात खालून पाणी वाहतंय, दारूचा वास, डोळे झोंबले.

म्हटलं, खालचा थर चांगला असेल. मग म्हटलं, भिंतीकडचा असेल. मग कोपरे राहिले होते. कोपरेही बघितले.

एकोणपन्नास पेट्या.

एक फळ अख्खं होतं, देठासकट, गोल, खरखरीत. उचललं तर बोटं आत गेली.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ

सुधीरला मी बोलावलं नव्हतं. मास्तरांनी त्याला फोन केला असणार. फावडं आणि दोन टोपली घेऊन आला. मी वाट बघत होतो की आता म्हणेल, सांगितलं होतं भाई. म्हणाला असता तर भांडता आलं असतं. तो नुसता फावडं मारत राहिला, तोंडाला रुमाल बांधून. शेवटी म्हणाला, हल्लू उचल, पाठीत भरेल.

कचऱ्याच्या ऑटोनं तीन फेऱ्या केल्या. मास्तरांनी बादल्या दिल्या, फिनाईल दिलं. मांजर जिन्यात बसून बघत होती.

११ फेब्रुवारी

नेगीला फोन लावला. सात वेळा. आठव्यांदा उचलला. मी जोरात बोललो. तुझं फळ खोटं, तुझा पणजोबा खोटा. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, किधर रखा था? मी सांगितलं. पत्रा, पेंढा, घोंगड्या, बंद खिडकी. मग म्हणाला, भाई, वो बर्फ का बच्चा है. उसको आपने कंबल ओढा दिया?

फोन मी ठेवला नाही. कट झाला.

१३ फेब्रुवारी

प्लॅन बी. मालकांकडं उचल मागायची. पण जुनी उचल फिटलेली नाही, आणि मालक विचारतील कशाला. मग तेवढे शब्द तोंडातून काढायला लागतील. उद्या बघू.

रेसकोर्स इथून पाच मिनिटांवर. गेटपर्यंत गेलो. आत जायला तिकीट लागतं. परत आलो. ह्याला कंट्रोल म्हणतात.

खोली तीनदा धुतली. तरी पत्रा तापला की वास उतरतो. पडवीतच झोपतो.

१५ फेब्रुवारी

शिवरात्र. गाळ्यावर उभं राहायला जागा नाही. लोक सफरचंदं हातात घेऊन वळवून बघत होते. मी पेट्या फोडत होतो. एका बाईनं विचारलं, ये मीठा है क्या? मी पुढच्या पेटीकडं वळलो. सुधीर मधे पडून म्हणाला, हौ अम्मा, शक्कर है.

१७ फेब्रुवारी

त्रिवेणीचा मेसेज. तीन दिवस राहिले, एवढाच. खाली काही नाही. आधी ती दादा लिहायची.

उत्तर लिहिलं, पुसलं. लिहिलं, पुसलं. शेवटी अंगठा पाठवला.

आता मला कळत नाही तो अंगठा मी का पाठवला.

२० फेब्रुवारी

आज काही लिहायचं नाही.

२१ फेब्रुवारी, दुपार ४

रमजान लागलाय. इफ्तारच्या आधी गाळ्यावर नुसती झुंबड. मालकांनी सुधीरला सांगितलं, कोल्डरूममधली मागची ती एक पेटी आण, योगेशची. मी म्हणालो, राहू द्या ना. त्यांनी ऐकलं नाही.

पेटी उघडली. कागद बाजूला केला.

पिवळी. सगळी पिवळी, थोडी लाली चढलेली. देठाजवळचं गोणपाट तसंच. मालकांनी एक हातात घेतलं, अंगठा फिरवला, मला दाखवला. तुपकट. नाकाशी नेलं. मग चाकूनं चार फाका केल्या, एक सुधीरला, एक मला, एक स्वतःला. चौथी पाटावर ठेवून दिली. तोंडात घातली आणि त्यांनी डोळे मिटले, नोव्हेंबरात मिटले होते तसेच. पण बराच वेळ. म्हणाले, नेगी एक शब्द खोटं बोलला नव्हता.

सुधीरनं दुसरं उचललं आणि उभ्या उभ्या खाल्लं, बियांपर्यंत.

मी माझी फाक हातातच धरली होती. मालक हळू आवाजात म्हणाले, मी तुला विचारलं होतं, पैसा तुझाच आहे ना. मी मान खाली घातली. त्यांनी परत विचारलं नाही.

मग मी फाक खाल्ली.

एका तासानं पाटावरची चौथी बघितली. पांढरी होती. काळी पडली नव्हती. नेगीनं सांगितलेलं सगळं पत्थरनं करून दाखवलं, एकही गोष्ट बाकी ठेवली नाही. बाकी ठेवली ती मी.

उरलेली पेटी एका जुन्या गिऱ्हाइकानं अख्खी नेली, किलोला एकशेऐंशीच्या भावानं. खाल्लेल्या दोन फळांचं वजन मालकांनी आधीच वजा केलं होतं. पैसे हातात दिले आणि माझी मूठ त्यांनीच मिटवली.

२२ फेब्रुवारी, सकाळ

त्रिवेणीनंच फोन केला. मी पहिल्यांदा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. नेगी, पन्नास पेट्या, पेंढा, घोंगडी, दार, कोल्डरूममधली एक पेटी. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर चांगलं वळण दिलं असतं. तिकडून वॉर्डाचा आवाज येत होता, कुणीतरी खोकत होतं, ट्रॉलीची चाकं.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. म्हणाली, परीक्षेच्या यादीत नाव नाही. वर्ष गेलं. मेट्रननं आयाचं काम दिलंय, तेवढीच राहायची सोय. पुढच्या वर्षी परत दुसऱ्या वर्षात बसायचं, फी पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हणालो, पुढच्या वर्षी नेगीचा माल थेट कोल्डमध्ये... तिनं पुढं बोलू दिलं नाही. म्हणाली, दादा. एवढंच.

मग तिनंच विचारलं, ती एक पेटी जी चांगली राहिली, त्यातलं खाल्लंस का तू? मी म्हणालो, एक फाक. म्हणाली, कसं लागलं?

मी खरं सांगितलं. म्हणालो, खूप गोड.

तिनं फोन ठेवला.

आज पाठवले. रुपये एक हजार सातशे सेहेचाळीस.